बोकडाच्या मानेवरचा हात

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालत असे. साखरखेर्ड्याजवळच्या शिवणीत मात्र तो पंजाबराव पाटलांच्या ओट्यावरून चाले. धर्मरक्षणाचे काम त्यांनी, कोणी न सोपवता, स्वतःकडे घेतले होते. त्या साली त्यांचा रोष काळ्या वस्त्रांतल्या महानुभाव साधूंवर होता. मठावर दगड पडले. माळावरच्या एका साधूच्या तुंब्यातले पाणी प्यायला म्हणून वीस वर्षांच्या निवृत्तीला गावाने वाळीत टाकले. विहीर बंद, न्हावी बंद, चुलीला विस्तवसुद्धा बंद.

निवृत्ती केवळ तहानलेला होता. पंथ म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते; ती उणीव पंचांनी भरून काढली. हा पोरगा देव एकच मानतो, जिवाची हत्या पाप समजतो, पाणी पिताना जात विचारत नाही, असे त्याच्या झोपडीसमोर रोज ओरडून सांगितले जाई. त्याने ते लक्षपूर्वक ऐकले आणि त्यातले बरेचसे त्याला पटले. इतक्या चिकाटीचा धर्मोपदेश कोणत्याही मठाला परवडला नसता.

गावाबाहेर त्याला सोबत होती देवीला सोडलेल्या बोकडाची. त्याला बहिष्कार कळवायचे पंच विसरले होते. निवृत्ती त्याला ओढ्यावर न्हाऊ घाली. मानेवर हात असेपर्यंत बोकड अंग आवरून राही. हात उचलला की अंग झाडून निवृत्तीलाच आंघोळ घाली.

माघात देवीची जत्रा आली. बोकडावर पाणी ओतायचे. त्याने अंग झाडले की देवीने तो स्वीकारला, मग सुरी. कौल नाही तर बळी नाही. निवृत्तीची आई मंजुळाबाई पाटलांच्या पायांवर डोके ठेवून आली, तेव्हा पंचांनी सवलत दिली: बोकड निवृत्तीने धरावा, सुरीही त्यानेच चालवावी आणि घरी यावे.

"मान घट्ट धर बे," पंजाबरावांनी बजावले.

निवृत्तीने धरली. पाटलांनी तांब्या ओतला. बोकड उभाच. मग घागर, मग दुसरी घागर. सकाळचा वारा झोंबत होता आणि अर्धे पाणी पाटलांच्याच अंगावर येत होते. हात उचलला की आई, घर, विहीर सारे परत मिळणार होते, आणि हे गुपित फक्त दोघांना ठाऊक होते, त्यांतला एक बोकड. हात त्याचाच होता, तरी तो उचलवेना. पंचांचा आरोप खरा निघाल्याचे त्याला तिथे, ओल्या केसांत बोटे रुतवून उभा असताना, उमगले.

तेवढ्यात पंजाबराव नखशिखांत थरथरले. पागोट्याचे पाणी पुजाऱ्यावर उडाले.

म्हाताऱ्या कौशल्याबाईने पुजाऱ्याला विचारले, "आता काऊन थांबले, बुवा? देवीनं पाटलाले पसंत केलं ना."

पुजाऱ्याने सुरी पाठीमागे लपवली. बायका पदराआड हसू लागल्या.

"नेय तो बोकड इथून," पंजाबराव दात वाजवत म्हणाले. "आन् तू सांग, आमचा का त्यायचा?"

"पाटील, तुमीच तं रोज सांगत होते, मी त्यायचा म्हणून," निवृत्ती म्हणाला. "मले आज समजलं."

मंजुळाबाईने सर्वांदेखत त्याच्या उपरण्यात भाकरी बांधली. त्यासाठी कोणाची परवानगी लागते, हे विचारायला ती थांबली नाही.

शीव ओलांडल्यावर निवृत्तीने हात काढला. बोकडाने मनसोक्त अंग झाडले. तसाच चिंब निवृत्ती मठात पोहोचला, आणि उपदेश कोणाकडून घेतला असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे पंजाबराव पाटलांचे नाव सांगितले.