सीलबंद क्रेन

माझे मेहुणे खेळणी जमवतात आणि त्यांच्याशी कुणी खेळू नये म्हणून कपाटाला कुलूप लावतात. क्रेन, खोदयंत्र, उचलता पूल. सगळी ठोकळे जोडून करायची, मोटरवर चालणारी, आणि सगळी खोक्यांत सीलबंद. पाहुण्यांना ते खोक्यांवरची चित्रं दाखवतात. घरातल्या पुस्तकांवरही त्यांची माया अशीच, बाहेरून.

पुस्तकं वाचते ती त्यांची बायको, माझी धाकटी बहीण. तिचे हात कापू लागल्यापासून पानं मेहुणे उलटतात, पण तोंड असं करतात की जणू विहीर उपसायला बसवलंय. म्हणून माझ्या मुलाच्या जुन्या ठोकळ्यांतून मी पान उलटणारं यंत्र करायला घेतलं. यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पुस्तकात बघून केलं. रबरी चाक पान उचलायचं, दांडा ते पलीकडे न्यायचा. पण मोटर इतकी जोरात फिरे की पानच फाटायचं. वेग कमी करायला स्क्रूसारखे आटे असलेला गिअर हवा होता.

सुटा तो कुठेच मिळेना. दुकानदाराने, मी कपाशिवाय नुसता कान मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. जुन्या बाजारातल्या बाईने पोतं उपडं केलं. "हुडका आजोबा, तुमचंच आहे." चाकं निघाली, खिडक्या निघाल्या, एका बाहुलीचा पाय निघाला. गिअर नाही.

तो मेहुण्यांच्या क्रेनमध्ये होता. मी विचारलं तेव्हा त्यांनी खोकं काढून टेबलावर ठेवलं, पाठीवरचं गिअरचं चित्र मला दाखवलं, आणि म्हणाले, "मिळणार नाही. उघडलं की कचरा होतो त्याचा, दादा. आणि पानं उलटायला मी आहे ना?"

"तुम्ही दोन-दोन उलटता," बहीण म्हणाली.

"चिकटतात गं ती."

"बातम्यांची वेळ झाली की चिकटतात. मागच्या पुस्तकात बाई जेवायला बसली, आणि पुढच्या पानावर तिचं प्रेत. कोणी मारलं ते मी आपलं मनानेच ठरवलं. बहुतेक नवऱ्याने."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तीन उलटली असती."

इतकं उघडं पडल्यावर माणूस खोकं पुढे करील, असं मला भाबड्याला वाटलं. मेहुणे ते परत ठेवायला उठले. पण बहिणीने आधीच मांडीवर ओढलं होतं. सीलची पट्टी बोटांत येईना, तेव्हा तिने ती दातांनी तोडली.

"अगं, कोपरा दुमडेल," मेहुणे म्हणाले. बायकोचे हात लटलटत होते ते त्यांना दिसलं नाही, कोपरा दिसला.

गिअर बसवला. आता दांडा सावकाश येतो, एकच पान नेतो. बहीण बटणावर मनगट दाबते आणि हवं तेव्हाच पुढे जाते.

मेहुण्यांनी क्रेनच्या खोक्यात, गेलेल्या गिअरएवढं वजन लागावं म्हणून, थोडी रद्दी भरली आणि नवी पट्टी चिकटवली. मग ते तिच्यासमोर धरून म्हणाले, "अगं, बघ ना, कळतं का उघडलेलं?"

"थांबा, एवढं पान होऊ दे."

पान झालं. तिने मनगट दाबलं, दांड्याने पुढचं आणलं, आणि ती तेही वाचू लागली. मेहुणे खोकं धरून उभे होते.