महामहिमांच्या जागी

स्टुडिओत तिला सगळे महामहीम म्हणत. काम तसं साधं होतं. देशोदेशीचे नेते मुलाखतीला यायचे, आणि ते येण्याआधी त्यांच्या खुर्चीत ती बसायची. लाइटवाले दादा तिच्या चेहऱ्यावर दिवे लावून घेत, आवाजवाला कॉलरला माइक अडकवी, मग मुलाखतकार बाई समोर बसून सगळे प्रश्न एकदा विचारून बघत. उत्तरं तिनं द्यायची. नेत्याची पुस्तकं, भाषणं, जुन्या मुलाखती वाचून, तो जे म्हणेल तेच आणि तेवढंच.

"महामहीम, चहा की युद्धबंदी?" आवाजवाला विचारी.

"आधी चहा. युद्धबंदीवर बोलणी सुरू आहेत."

खरं तर ती पदार्थविज्ञान शिकलेली. इथे आकडे तपासायला म्हणून लागली होती. खुर्चीत बसणारा माणूस एकदा तापानं पडला, तिला तात्पुरतं बसवलं, आणि तिची उत्तरं इतकी तंतोतंत निघाली की ती तिथेच चिकटली. आता डोंगरावरच्या वेधशाळेत तिला ढगांच्या नोंदी घेण्याचं काम मिळालं होतं. सोमवारी हजर व्हायचं आणि सोबत इथलं ना हरकत पत्र न्यायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. पत्रावर सही बाईंची लागणार होती, आणि बाई प्रत्येक पाहुण्याच्या वेळी "एवढा एक होऊ दे ग" म्हणून तिला झुलवत होत्या.

"आज नक्की ना, बाई?"

"नक्की. मन लावून कर, मग डोंगरावर जा नाहीतर ढगात जा."

आजच्या पाहुण्या एका देशाच्या माजी पंतप्रधान होत्या. पुन्हा पुन्हा निवडून आलेल्या, आणि ऐन भरात स्वतःहून पद सोडलेल्या. पद सोडण्यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. ते तिनं वाचून काढलं होतं.

"पद सोडायचं कधी ठरवलंत?" तालमीत बाईंनी विचारलं.

"सत्ता हे साधन आहे, साध्य नव्हे, हे मी पहिल्या दिवसापासून जाणून होते."

"हे पुस्तकातलं झालं. आतून कधी कळलं?"

"जनतेचा कौल..."

"आतून, म्हणतेय मी!"

दिवे तापले होते. तिनं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"एकदा जेवताना आईनं विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का. मी म्हटलं, या प्रश्नाला अनेक बाजू आहेत. थट्टा नव्हते करत. तोंडातून तसंच निघालं. आई हसेल असं वाटलं, पण तिनं नुसतं मीठ माझ्याकडे सरकवलं आणि खाली मान घालून जेवत राहिली. तेव्हा कळलं, आता उठायला हवं."

बाईंचं लिहिणं थांबलं. शिडीवरून लाइटवाले दादा म्हणाले, "हे भारी होतं हं!"

 हे तिनं कुणाला, अगदी धाकट्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. "बाई, हे त्यांचं नाही. माझं आहे. कृपा करून खोडा."

"हो ग, खोडते," बाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

दुपारी खऱ्या पाहुण्या आल्या. लहान चणीच्या, ताठ बसणाऱ्या. ती काचेमागे जाऊन उभी राहिली. तिच्यासमोर एक बटण होतं. ते दाबून बोललं की बाईंच्या कानातल्या यंत्रात ऐकू जायचं.

पद कधी सोडायचं ठरवलंत, या प्रश्नाला पाहुण्यांनी पुस्तकातलंच वाक्य दिलं, कुठे थांबायचं तेसुद्धा तेच. आपला अंदाज आणि मोजमाप जुळल्यासारखं तिला बरं वाटलं. बाईंना मात्र कंटाळा आला असावा. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि सहज म्हणाल्या, "पण मघाशी तुम्ही आईचं सांगत होतात. ते मिठाचं."

मघाशी त्या खुर्चीत या पाहुण्या नव्हत्याच, ती होती. काचेमागे तिचं बोट बटणावर गेलं. दाबून चूक सांगितली तर बाईंना सगळ्यांसमोर शब्द मागे घ्यावे लागणार, शोभा होणार, आणि मग सही विसरायची. तिनं बोट तसंच ठेवलं.

पाहुण्यांनी बाईंच्या कागदाकडे पाहिलं. मग हसल्या. "तुमच्या चांगलंच लक्षात राहिलेलं दिसतंय. तुम्हीच सांगा ना. चुकलात तर मी आहेच."

बाईंनी सांगितलं. पाहुण्या मान डोलावत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ते मिठाचं भांडं अजून माझ्या टेबलावर असतं. मोठे निर्णय घेताना मी त्याच्याकडे बघते."

रेकॉर्डिंग संपलं तेव्हा कॅमेऱ्यामागच्यांनी टाळ्या वाजवल्या. असं सहसा होत नाही.

रंगखोलीत पाहुण्या एकट्याच आरशासमोर बसून कापसानं चेहरा पुसत होत्या. ती त्यांचा कोट घेऊन गेली.

"कुणाची ग ती आई?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

"माझी."

"वाटलंच. काचेमागे तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. माझी आई मला आठवतच नाही, मी रांगत होते तेव्हा गेली. तुझी थोडी वापरली. रागावलीस?"

रागावली होती. पण विचारलं वेगळंच. "पद सोडणं अवघड गेलं का?"

"सोडलं कुठे?" त्यांनी कापूस टोपलीत टाकला. "इतकी वर्षं राज्य केलं, धरणं बांधली, दोन संप मिटवले. त्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही. सोडलं कसं, तेवढं सांगत गावोगाव फिरतेय. एका खुर्चीतून उठले ती या असल्या खुर्च्यांत अडकले. तू निघालीयस का कुठे?"

"हो. इथून."

"मग निघ. कुणाला सांगत बसू नकोस."

बाहेर बाई पत्र हातात घेऊन उभ्याच होत्या. गालावर लाली होती. "देते ग सही. एक कल्पना सुचलीय. नेत्यांच्या जागी बसणारी मुलगी आता निघाली! उद्या सकाळी तू खरी पाहुणी. तुझ्या जाण्याविषयीच बोलू."

"नको बाई."

"अर्धा तास ग! संपलं की तिथेच सही. फक्त ते मिठाचं काढू नकोस. ते आता त्यांचं झालं, रविवारी दाखवतोय."

रविवारी आई तो कार्यक्रम बघणार होती. दर रविवारी बघायची. तिनं पत्राकडे पाहिलं. बाईंनी ते घडी घालून पर्समध्ये टाकलं होतं.

शनिवारी सकाळी ती खुर्चीत बसली. लाइटवाले दादा हात बांधून उभे. "तुलाच बघून लावलेत ग सगळे दिवे. हलवू काय?"

बाईंनी विचारलं, "जावंसं का वाटलं?"

उत्तर एकच होतं, मिठाचं, आणि ते देता येत नव्हतं. तिनं आत शोधून पाहिलं. ढगांबद्दल काहीतरी होतं, लहानपणी गच्चीवर आडवं पडून बघितलेले. पण ते शब्दांत येईपर्यंत दुसरंच बोलणं सुरू झालं होतं. प्रवासातला टप्पा. सर्वांविषयी कृतज्ञता. नव्या पिढीला जागा करून द्यायला हवी. आवाज संथ होता, वाक्यं पूर्ण होती, हात मांडीवर स्थिर होते. आपणच बोलतोय हे तिला कानांनी कळत होतं.

अर्धा तास कधीच उलटून गेला.

"अग, काय बोलतेस!" बाई पुढे झुकल्या. "हे एका भागात मावायचं नाही. दुसरा सोमवारी घेऊ. सही त्यानंतर. तुझ्या त्या डोंगराला मी फोन करते, एक दिवस थांबतील की."

वेधशाळेतले एक दिवसही थांबणार नव्हते. तसं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. तिला उठायचं होतं, माइक ओढून काढायचा होता, नाही म्हणायचं होतं. नाही हा शब्द तिच्या जिभेपर्यंत आलासुद्धा.

"आपल्या सूचनेचा आम्ही सकारात्मक विचार करू," ती म्हणाली.

आवाजवाला खो खो हसत सुटला. लाइटवाले दादा हसले, बाई तर डोळे पुसू लागल्या. "अस्सल आहे ही, अस्सल!" म्हणत त्यांनी सोमवारची वेळ लिहून टाकली.