घासलेलं पेडल

सायकलच्या दुकानातल्या मिस्त्रीनं पेडल हातात दिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. नवीन म्हणे! कडेला नखाएवढा ओरखडा होता. माझी उभी नोकरी दुकानांचे वजनकाटे तपासण्यात गेली आहे. ओरखडा माझ्या नजरेतून सुटत नाही.

"खोक्यातून काढताना लागलं असेल, काका," मिस्त्री म्हणाला आणि त्यानं माझ्या लेकीकडे बघितलं. तिनं लगेच मान खाली घातली. घ्या! म्हणजे इथे नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

तीन आठवड्यांवर डोंगरातली जोडीची सायकल शर्यत होती. लेक आणि मी, एकत्र सुटायचं, एकत्र पोचायचं. "बाबा, याल माझ्यासोबत?" असं तिनं आपणहून विचारलं होतं. बावीस वर्षांची पोर बापाला असं विचारते, हे ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालं होतं. आणि नेमका तेव्हाच डावा गुडघा रुसला. चढावर जोर लावला की आतून कळ यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सायकल थांबवा. बायको म्हणाली, वय बघा. मिस्त्री तेवढा म्हणाला, "पेडल बदलून बघू."

माझ्या जुन्या पेडलात बूट खट्कन अडकला की पाय जागचा हलत नसे. या पेडलात टाच थोडी इकडेतिकडे फिरते, गुडघ्याला मोकळीक मिळते, असं त्याचं म्हणणं. बुटाच्या तळाला पेडलात अडकणारा लोखंडी तुकडा असतो, त्याला क्लीट म्हणतात. तीही त्यानं बदलून स्वतःच्या हातानं बसवली.

पहिल्या दिवशी गुडघा दुखला नाही. शपथेवर सांगतो, एकदाही नाही. पण सुख मला पचत नाही. घरी येऊन बूट उलटा केला, तर काय! तळाला जुन्या क्लीटचा ठसा चांगला ठसठशीत होता आणि या पठ्ठ्यानं आपली क्लीट भलतीकडेच वळवून बसवलेली. बेफिकीर लेकाचा! मी स्क्रू सैल केले, क्लीट बरोबर ठशावर आणली आणि घट्ट आवळली. कुणाला बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कळ परत आली. तिसऱ्या दिवशी तर चढावर उतरून सायकल ढकलत नेली. आणि लेक? एरवी मला कुठल्या कुठे मागे टाकणारी पोर माझ्याही मागे रेंगाळत होती. दोन्ही नडग्या सोलवटलेल्या. विचारलं तर म्हणे, "झुडपं लागली." त्याच वाटेवरून मी गेलो होतो, मला नाही लागली ती? संध्याकाळी ती फोनवर दबक्या आवाजात म्हणत होती, "नाही हो, बाबांना काही कळलेलं नाही."

मग माझ्या डोक्यात सगळं जुळलं. हिला शर्यतीसाठी दुसरा जोडीदार मिळालाय. बापाला तोंडावर नको कसं म्हणायचं, म्हणून मिस्त्रीला हाताशी धरून जुनाट पेडलं गळ्यात मारली. गुडघा गेला की म्हातारा आपसूक घरी बसेल! रात्रभर जीव जळत होता.

सकाळी दुकानात गेलो. लेक तिथेच होती.

"मी नको असेन, दुसरं कुणी हवं असेल, तर सरळ सांग ना!" मी ओरडलोच. "हे घासलेलं लोखंड पायाला बांधून माझा काटा कशाला काढतेस?"

तिचा चेहरा पांढरा पडला. मिस्त्रीनं माझा बूट उचलून उलटा केला.

"ही क्लीट कुणी फिरवली?"

"मी. ठशावर बसवली."

"हा ठसा तुमच्या पायाचा आहे?"

बूट दादाचे, माझ्या थोरल्या भावाचे. सायकल सोडली तेव्हा त्यानं मला दिले. लहानपणी झाडावरून पडल्यापासून दादाचा डावा पाय बाहेरच वळलेला. चार वर्षं मी दादाच्या पायानं सायकल मारत होतो. गावभरचे काटे तपासणारा मी, स्वतःच्या बुटाचा ठसा कधी तपासला नव्हता.

"क्लीट इतकी वळवल्यावर टाचेची सगळी मोकळीक तिथेच संपते, काका," मिस्त्री म्हणाला. "आणि पेडलं वापरलेलीच आहेत. नवीन यायला महिना लागणार होता, म्हणून हिनं स्वतःची काढून दिली. सांगितलं असतं तर तुम्ही घेतली नसती."

तिची सायकल भिंतीला टेकून उभी होती. तिला साधी चपटी पेडलं, वर बारीक खिळे असलेली. चढावर पाय सटकला की ते खिळे थेट नडगीत घुसतात.

"पोरी..." मी त्या खिळ्यांवरून बोट फिरवलं.

"मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नव्हतं, बाबा," ती म्हणाली. मग मिस्त्रीच्या हातातून बूट घेऊन खाली बसली आणि स्क्रू सैल करू लागली. "सरळ उभे राहा. तुमचा पाय कसा पडतो ते बघू द्या."

मी उभा राहिलो. तिच्या नडगीवरून नजर काही हलेना.