वेळ घेऊन या

हात थरथरायला लागले तेव्हा सासऱ्यांनी वस्तरा खाली ठेवला. पण सकाळी नऊला दुकानात येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसणं काही सोडलं नाही. डोक्यावर भिंतीला मानपत्राची चौकट. गिऱ्हाइकं आत येताना आधी त्यांच्यापुढे मान लववायची, मग आरशापुढे बसायची.

चाळीस वर्षांपूर्वी गावात न्हाव्यांची अकरा दुकानं होती आणि खालच्या वस्तीतल्या माणसाच्या डोक्याला त्यातला एकही हात लावत नसे. एका सकाळी सासऱ्यांनी गटारं उपसणाऱ्या एका माणसाला हाताला धरून आत आणलं आणि खुर्चीत बसवलं. सगळ्यांना लावतात तोच वस्तरा, तेच कापड. दुपारपर्यंत गिऱ्हाईक तुटलं, आठवड्यात जातभाईंनी वाळीत टाकलं, महिन्यात आरसा फुटला. ते बाकीच्या दहा दुकानांच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागले, मार खाल्ला, कोर्टात गेले. नऊ वर्षांनी निकाल लागला की न्हाव्याने जात विचारायची नाही. ते हसत सांगायचे, "मी जन्मभर लोकांची केली, पण माझी मात्र अख्ख्या गावाने बिनपाण्याने केली!"

त्या नऊ वर्षांत सासूबाई औषधावाचून गेल्या. माझा नवरा त्या दिवसांतलं एकच सांगतो: "शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही."

दुकान त्याच्या हाती आलं तेव्हा वरच्या भागातले लोक यायला लागले. मानपत्र मिळालेल्या माणसाचं दुकान, म्हणून. पण शेजारच्या खुर्चीत वस्तीतलं कोणी बसलं, की त्यांची नजर तिरकी व्हायची. बोलायचं कोणीच नाही. दोघंतिघं यायचे बंद झाले. मला तेव्हा सातवा महिना होता. पोटातल्या जिवाच्या बाकावर उद्या कोण बसेल, हेच डोक्यात.

तोड मीच काढली. शिकलेली ना मी! वही घातली. वेळ घेऊन या. नाही कोणालाच म्हणायचं नाही. वस्तीतून फोन आला, की वही भरलेली असायची. कोणी प्रत्यक्ष आलंच तर दाखवता यावं, म्हणून रोज सकाळी मी रिकाम्या तासांपुढे मनाला येतील ती नावं लिहून ठेवायची. सासरे कौतुकाने म्हणायचे, "सून शिकलेली असली की दुकानाला शिस्त लागते बघा."

त्या मंगळवारी नवरा सामान आणायला गेला होता. कारागीर एका वकिलांची दाढी करत होता. बाकीच्या दोन खुर्च्या रिकाम्या. माझी दीड वर्षाची मुलगी मांडीवर, समोर वही. काठी टेकत एक म्हातारा दारात आला.

"दादा आहेत का?"

सासरे उठायला लागले. "अरे गड्या! अजून आहेस तू?"

"तुम्हाला पोचवूनच जाईन म्हटलं."

तोच तो. चाळीस वर्षांपूर्वीचा पहिला. बरीच वर्षं लेकीकडे परगावी राहून परतला होता. उद्या डोळ्याचं ऑपरेशन, दाढी काढून या म्हणालेत, असं म्हणत त्याने रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. कारागिराचा वस्तरा थांबला. वकिलांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, वेळ घेतली होती का?" मी म्हटलं.

"वेळ?"

"आज सगळं भरलंय."

सासरे हसले. "अगं, हा कोण आहे ठाऊक आहे का तुला?"

"ठाऊक आहे, बाबा."

त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग ते सावकाश आले आणि वही उचलली. "साडेदहाला हा कोण? अकराला?" त्यांनी मागची पानं उलटली. आणखी मागची. म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, पण समजलं आधी त्यालाच.

"दादा, असू द्या. दवाखान्यात काढतील."

"तू बस."

त्यांनी त्याला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, ब्रशने फेस केला. फेस लावेपर्यंत हात बरा चालला. वस्तरा घेतला आणि पातं त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर लटलट हलू लागलं. त्यांनी कारागिराकडे पाहिलं. तो वकिलांच्या हनुवटीवर वाकला. मग माझ्याकडे पाहिलं.

मला वस्तरा धरता येत नाही. पण "आधी यांची कर" एवढं कारागिराला सांगता येत होतं. मालकीण होते मी. वकील आरशात बघत होते. मी मुलीचं नाक पुसलं. पुसायला काही नव्हतं.

म्हाताऱ्याने बाहीने तोंड पुसलं. "फेस झकास होता हां, दादा. गार वाटलं," म्हणाला आणि काठी शोधून निघून गेला.

"किती दिवस चाललंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"ही पोटात होती तेव्हापासून."

"आणि मी इथेच बसलेलो."

वकील जाताना त्यांच्यापुढे मान लववून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात आले नाहीत. मुलाला काही बोलले नाहीत. मी त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, "बाबांना घेऊन ये ना. गिऱ्हाइकं विचारतात. तो कोपरा ओका ओका दिसतो."

मी घरी गेले. ते खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. मुलगी खाटेवर चढली आणि तिने त्यांची हनुवटी मुठीत धरली. ते तिच्याकडे वळले.

"बाबा, मी ती वही बंद करते."

"करशील?"

नवरा काय म्हणेल, वकील येतील का, हिच्या बाकावर कोण बसेल. हो म्हणायला मला वेळ लागला. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. फार नाही.

"हिला माझं काही सांगू नकोस," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"तेच सगळं. पायऱ्या, कोर्ट. पोरं गोष्ट ऐकली की विचारतात, मग पुढे काय झालं?"

त्यांनी एकेक बोट सोडवत तिची मूठ उघडली, तिला माझ्याकडे दिलं आणि पुन्हा कूस बदलली.

"जा तू. दुकान उघडं आहे."

मी गेले.