सिस्टरची साक्ष

गळ्याजवळचं बटण काही केल्या काजात जाईना — पांढरं, गुळगुळीत, डाव्या हाताच्या बोटांतून साबणाच्या वडीसारखं निसटणारं... अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.

"अगं, लावून देऊ का?" दारातून नवरा म्हणाला.

"नको. थांबा जरा."

नर्स असताना किती जणांची बटणं लावली होती तिने हॉस्पिटलच्या वॉर्डात — ताप उतरलेल्यांची, शुद्धीवर येणाऱ्यांची, आणि काहींची तर शेवटचीच... सगळे तिला सिस्टर म्हणत. निवृत्तीनंतरही ते नाव चिकटून राहिलं होतं.

काल चर्चचे एक वडीलधारे पंच घरी येऊन गेले. "सिस्टर, उद्या भक्तीत साक्ष द्या. देवाने यातून काय शिकवलं ते सांगा. तो आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो."

"मग त्याला म्हणावं, लाड जरा कमी कर." ती हसली, ओठाचा एक कोपरा मागेच राहिला. पंच हसले नाहीत. आवाज खाली आणून म्हणाले, "मन एकदा तपासून पाहा. कुठे काही कबूल करायचं राहून गेलं असेल..."

राहून गेलं असेल! रात्रभर ते शब्द कुसळासारखे टोचत राहिले. वॉर्डातल्या एका भाजलेल्या पोरीची आई मला विचारायची, 'माझ्या लेकीनं कुणाचं काय वाईट केलं होतं, सिस्टर?' — तेव्हा हे गृहस्थ तिथे असते आणि असं बोलले असते, तर मी त्यांना दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं असतं. उजव्याच हाताने.

चर्चमध्ये तिचं नाव पुकारलं गेलं. नवऱ्याने हात पुढे केला; तिने मानेनेच नको म्हटलं आणि बाकाला धरून उभी राहिली.

"हा हात का गेला, मला माहीत नाही," जड जिभेने ती म्हणाली. "देवाने सांगितलेलं नाही. मी रोज विचारते." कुणीतरी खाकरलं. "पण माझं काही चुकलं म्हणून गेला, असं कुणी म्हणू नये. माझ्याबद्दल नाही, आणि कुणाच्याच घरातल्या आजाऱ्याबद्दल नाही."

गेल्या वर्षी मूल गमावलेली शिंपीण तोंडाला पदर लावून रडू लागली. पंचांनी मान खाली घातली.

ती बसली. आपण बोललो तो गर्व म्हणायचा का? असेल, असू दे... समोरच्या वधस्तंभाकडे तिची नजर गेली. ज्याचं काहीच चुकलं नव्हतं, त्यानेही तिथून 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' म्हणून हाक मारली होती, आणि आभाळ गप्प राहिलं होतं. इतकी वर्षं ती त्या हाकेवरून घाईघाईने पुढे जायची, तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानाच्या उजेडाकडे. आज ती तिथेच थांबली. उत्तर आलं नाही, येईलसंही वाटेना. पण वाट पाहणाऱ्यांत आपण कुणाच्या शेजारी उभे आहोत, हे तिला दिसलं — आणि ती जागा काही खालची नव्हती.