मुंबई, एक

"अश्वजीतजी, ती वेबसाईट आता बंद करून टाका," फोनवर तुळशीराम बोरकर म्हणाले. "अजिंक्य म्हणते, वेबसाईट आता कोणी पाहत नाही. रील चालते."

अजिंक्य म्हणजे बोरकरांचा पुतण्या. बोरकर मोटर पंप, शहपुरा, या दुकानाचा प्रचार सध्या त्याच्याकडे होता. त्याने पाण्याखाली फिरणाऱ्या एका पंपाला विरहगीत लावलं होतं आणि ती रील पावणेदोन लाख लोकांनी पाहिली होती. त्यातल्या किती जणांकडे विहीर होती, हे कळायला मार्ग नव्हता.

"कोणीच पाहत नाही असं नाही, काका," अश्वजीत म्हणाला. "रोज एक जण पाहते."

"एक?"

"पण रोज."

अश्वजीतची खरीच समजूत काढावी लागणार की हा माणूस मस्करी करून राहिला, याचा अंदाज तुळशीराम घेत असावेत.

"एकासाठी काहून ठेवता जी? चलो, शनिवारी जेवायला या. पासवर्ड-बिसवर्ड जे असन ते देऊन द्या, बंद करू."

अश्वजीत "अच्छा" म्हणाला आणि फोन ठेवून पडद्याकडे पाहत बसला.

अश्वजीत खोब्रागडे बावीस वर्षं वेबसाईट बनवत होता. नोकरी नाही, साहेब नाही. हिंदी मुलखातल्या एका शहरात, मदन महल स्टेशनच्या मागच्या गल्लीत, राहत्या घराच्याच वरच्या मजल्यावर एक खोली, गाडी आली की तिथला मॉनिटर थरथरायचा. वडील मोतीराम कारखान्यात फिटर होते. मुलगा नेमकं काय करतो हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. पाहुण्यांना ते सांगत, "कॉम्प्युटरच्या आत दुकानाचे बोर्ड लावते." यापेक्षा नेमकी व्याख्या अश्वजीतला नंतर कोणाकडून ऐकायला मिळाली नाही.

आता बोर्ड कोणाला नको होते. गिऱ्हाईक येई, चहा घेई, वेबसाईट म्हणजे कसं स्वतःचं घर, दार उघडून माणूस आपण होऊन आत येतो, हे अश्वजीतचं बोलणं अदबीने ऐके आणि शेवटी विचारी, "भैया, रील बनाते हो क्या?" अश्वजीत रील बनवत नसे. पाहत मात्र असे. रोज. त्याची मुलगी तिथे होती.

एकता तीन वर्षांपूर्वी मुंबईला गेली. केस कसे धुवावेत, भाड्याची खोली स्वतःची कशी वाटावी आणि सोमवार कसा काढावा, या विषयांवर ती व्हिडिओ करी आणि त्र्याऐंशी हजार लोक ते पाहत. तिने सकाळी काय खाल्लं हे अश्वजीतला रोज कळे. इतर ब्याऐंशी हजार नऊशे नव्व्याण्णव जणांनाही कळे. बाप म्हणून वेगळं असं काही त्याच्या वाट्याला येत नव्हतं.

सुरुवातीला तो कमेंट करायचा. एका शाम्पूच्या व्हिडिओखाली त्याने लिहिलं, 'जेवलीस का?' त्याला चारशे लोकांनी लाइक केलं, म्हणजे शाम्पूपेक्षा जास्त. शाम्पूवाल्यांना ते रुचलं नाही.

"बाबा, प्लीज कमेंट मत किया करो ना," एकताने फोन करून सांगितलं. "ब्रँडवाले देखते हैं."

"जेवली का एवढंच विचारलं मी."

"हाँ तो फोन पे पूछो ना."

फोन केला की ती शूटमध्ये असे. रविवारी ती आईला, म्हणजे अमिताला, फोन करी. चाळीस मिनिटं. त्यातलं शेवटचं एखादं मिनिट बाबांचं. तो विचारी, "जेवलीस का?" ती म्हणे, "हाँ, आप?" तोही म्हणे, "हो." मग दोघं अमिताने फोन परत घ्यायची वाट पाहत.

बोरकरांच्या साईटवर जी गोष्ट होती, ती मात्र त्र्याऐंशी हजारांतल्या कोणाला माहीत नव्हती.

एकता सहा वर्षांची असताना अश्वजीतने ती साईट बनवली होती. पहिल्याच पानावर मालकाचं मनोगत हवं, तेही व्हिडिओत, असा तुळशीरामांचा आग्रह होता. सगळं तयार झालं, मनोगत काही येईना. या धंद्यात एक रीत असते. खरा मजकूर येईपर्यंत त्या जागी काहीतरी भरून ठेवायचं, चौकट उघडीबोडकी दिसू नये म्हणून. अश्वजीतने एकताला खुर्चीवर उभं केलं आणि मोबाइल धरला. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. तिने हात मागे बांधले आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हटलं, "साईट बनून राहिली आहे. माझे बाबा बनवून राहिले. तुम्ही थोडं थांबा." मग मोबाइलच्या मागे असलेल्या बापाकडे पाहून हळूच विचारलं, "बरोबर बोलली ना?"

अकरा सेकंद.

मालकाचं मनोगत पुढे सोळा वर्षं आलं नाही आणि अश्वजीतने कधी मागितलंही नाही. मधल्या काळात व्हिडिओ चालवायचं तंत्र दोनदा बदललं. दोन्ही वेळा त्याने ती अकरा सेकंदं नव्या तंत्रात बसवून घेतली. पंपांचे फोटो मात्र पहिलेच राहिले. त्यातले निम्मे पंप आता बनत नव्हते.

आणि तीन वर्षांपासून कोणीतरी रोज ते पान उघडत होतं. साईटवर कोण आलं, कधी आलं, याची नोंद यंत्र आपसूक ठेवतं. सकाळी सात-चाळीसच्या सुमारास एक ओळ पडे. तेवढं एकच पान, अकरा सेकंद, कधी बावीस. ना पंप, ना पत्ता. गाव: मुंबई.

नोंदीतल्या गावाचं काही खरं नसतं, हे अश्वजीतला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. मोबाइल कंपनीची वाट जिथून जाते ते गाव तिथे उमटतं. आपल्या गल्लीतला माणूसही मुंबईचा दिसू शकतो. एका क्लासवाल्याने मागे 'हमें मुंबई में भी देख रहे हैं' म्हणून खोव्याची जिलेबी वाटली, तेव्हा अश्वजीतनेच हे त्याला समजावून सांगितलं होतं. जिलेबी खाऊन झाल्यावर. पण ही मुंबई त्याने खरी मानली. एकता तीन वर्षांपूर्वी गेली, ओळ तीन वर्षांपासून पडते. एवढा हिशेब त्याला पुरला.

अमिताला त्याने सांगितलं होतं.

"एकता रोज तो व्हिडिओ पाहते."

"तिने सांगितलं?"

"नाही. नोंदीत दिसते."

"मग विचारा ना तिला."

"विचारलं तर बंद करीन ती."

अमिता भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं. "तुम्हा बाप-लेकीपेक्षा तो बोरकरांचा पंप बरा. बटण दाबलं की पाणी तरी देते."

व्हिडिओ अश्वजीतकडे होताच, तीन ठिकाणी जपून ठेवलेला. प्रश्न व्हिडिओचा नव्हता. साईट बंद झाली तर एके दिवशी सात-चाळीसला मुंबईत कोणीतरी ते पान उघडणार होतं आणि समोर कोरा पडदा येणार होता. तिला वाटणार, बाबांनी काढून टाकलं.

शनिवारी तो स्कूटरने शहपुऱ्याला गेला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. साईटला जुनेपणाची पत असते, गूगल मान देतं, असं सगळं. त्यातलं निम्मं खरंही होतं.

दुकानाच्या मागेच घर. सत्यभामाकाकूंनी पाटवडीचा रस्सा केला होता. बोरकरांना मूलबाळ नव्हतं. अश्वजीतला हे सोळा वर्षांपासून माहीत होतं, पंपाचा हॉर्सपॉवर माहीत असावा तसं.

"अजिंक्य नाही?" त्याने विचारलं.

"बरगीला गेला. धरणावर शूटिंग आहे म्हणते," तुळशीराम म्हणाले. "आता धरणावर पंपाचं काय काम, मला तर समजून नाही राहिलं. पण दोन लाख लोकांना समजते, तर आपण काहून बोला."

"काका, ते साईटचं..."

"हां, ते. तुम्ही म्हणता एक जण पाहते. असन कोणी रिकामा."

काकू पोळी वाढायला वाकल्या होत्या, त्या तशाच थांबल्या. "बंद केली तं ते पोरगी पण जाईन का?"

"कोणती पोरगी?" तुळशीरामांनी विचारलं.

"दात पडलेली. थोडं थांबा म्हणते ते."

अश्वजीतचा घास हातातच राहिला.

काकूंनी पदराला हात पुसले आणि फडताळातून मोबाइल आणला. पडद्यावर तीन चिन्हं होती. फोन, भजनं आणि एक निळा पंप. त्यांनी पंपावर बोट ठेवलं. खोलीत सहा वर्षांची एकता म्हणाली, साईट बनून राहिली आहे.

"हे तू अजून पाहून राहिली?" तुळशीराम म्हणाले.

"रोज पाहते. सकाळी, तुमचं शटर उघडायच्या आधी." मग अश्वजीतला म्हणाल्या, "आधी दुकानाच्या कॉम्प्युटरवर पाहे मी, कधीमधी. तीन वर्षं झाले, ह्यांनी हा टचवाला घेऊन दिला, अजिंक्यने बटण बनवून दिलं. आता रोज. कधी दोनदा. शेवटी ते विचारते ना, बरोबर बोलली ना? तं मी म्हणते, बरोबर बोलली बाई."

अकरा सेकंद. कधी बावीस.

"अन माझा व्हिडिओ काहून नाही आला, माहीत आहे का तुम्हाला?" तुळशीराम बायकोकडे बोट दाखवत म्हणाले. "शर्ट प्रेस करून बसलो होतो मी. हे म्हणे, तुमच्या थोबाडापेक्षा पोरगी बरी."

"मंग? खोटं होतं का?"

तिघंही हसले. अश्वजीत जरा उशिरा हसला.

"तुमचीच ना ते?" काकूंनी विचारलं. "केवढी झाली आता?"

"बावीसची."

"कुठं असते?"

"मुंबईला."

"फोन करत असन रोज."

"रोज दिसते," अश्वजीत म्हणाला.

काकूंना ते कळलं नाही, म्हणून त्याने आपला मोबाइल काढून कालचा व्हिडिओ लावून दिला. एकता खिडकीपाशी उभी राहून भरभर हिंदी बोलत होती. तिचे सगळे दात जागेवर होते. काकूंनी पूर्ण पाहिलं, लग्नाचा अल्बम पाहावा तितक्या आस्थेने.

"सुंदर झाली," त्या म्हणाल्या. "हे कोणाशी बोलून राहिली?"

"सगळ्यांशी."

"अच्छा." त्यांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला. "लहानी मात्र मलाच बोलते."

अश्वजीतने ठरवून आणलेल्या मुद्द्यांपैकी एकही काढला नाही. तुळशीराम ताटात बोटाने रेघा ओढत होते. हात धुवायला उठताना ते म्हणाले, "बाकी सगळं काढून टाका, अश्वजीतजी. पंप, नकाशा, रेट. पोरीला राहू द्या."

"फक्त तेवढंच पान?"

"एक जण पाहते म्हणता ना रोज," तुळशीराम म्हणाले आणि बायकोकडे न पाहता मोरीकडे गेले.

निघताना काकूंनी पाटवड्यांचा डबा दिला. "पोरीसाठी," त्या म्हणाल्या. मुंबई किती दूर आहे, याचा विचार त्यांनी केला नसावा. अश्वजीतने डबा स्कूटरच्या हुकाला अडकवला.

संध्याकाळी त्याने पंप काढले, नकाशा काढला, भाव काढले. पाचच मिनिटांचं काम होतं. उरलं ते एक पांढरं पान, मधोमध मुलगी. साईट बनून राहिली आहे, असं सांगणारी. सोळा वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य त्या साईटला शोभत होतं.

मग त्याने एक गोष्ट केली, जी तीन वर्षं केली नव्हती. पानाचा पत्ता एकताला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. 'जेवलीस का' असं लिहून पुसलं.

मिनिटभरात उत्तर आलं. 'ऑऽऽ बाबा, सो क्यूट.' पुढे तीन लाल बदाम.

अश्वजीतने नोंद उघडली. ओळ नव्हती. त्याने थोडं थांबून पुन्हा पाहिलं, मग जेवणानंतर पुन्हा एकदा. पत्ता पाठवला की त्याखाली व्हॉट्सॲपवर एक लहानसा फोटो आपोआप येतो. तेवढ्यावरही सो क्यूट म्हणता येतं. मुलीच्या हातात काय काय असेल, शूट असेल, हेही त्याने धरलं. या धंद्याचा हा एक तोटा. इतर बापांना न कळणारी गोष्ट त्याला सेकंदासकट कळत होती.

"पाहिलं तिने?" अमिताने विचारलं. ती डब्यातली पाटवडी खात होती.

"सो क्यूट म्हणाली."

"बघा. मी म्हणत होती ना, नुसतं विचारायचं असते."

रविवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे संगणकासमोर बसला. खाली स्टेशनात गाडी लागली, मॉनिटर थरथरला, थांबला. सात-चाळीस झाले. सात-एक्केचाळीसला ओळ उमटली. बावीस सेकंद. गाव: मुंबई. एकूण: एक.

ही मुंबई शहपुऱ्याला, पंपाच्या दुकानामागे, फडताळाजवळ उभी आहे हे आता त्याला माहीत होतं. तरी तो शब्द त्याने दोनदा वाचला.

अमिता चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवताना तिने पडद्याकडे मान वाकवली. तिला त्यातलं काही वाचता येत नसे.

"आली का तुमची मुंबई?"

"आली," अश्वजीत म्हणाला, आणि कप स्वतःकडे ओढून घेतला.