वेक्सकमची धोबीण

बार्नबी वेक्सकमच्या तोडीचं ग्रीक जाणणारा माणूस त्या काळी सबंध केंब्रिजमध्ये नव्हता. त्याचे शत्रूसुद्धा हे कबूल करत, दातओठ खात का होईना. ग्रीकच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यालाच मिळणार हे उघड होतं. अडचण एकच, आणि ती कुणाला ठाऊक नव्हती. कॉलेजच्या फेलोने, म्हणजे तिथे राहून शिकवणाऱ्या त्याच्यासारख्या विद्वानाने, लग्न केलं की त्याची खोली, पगार, मान सगळं जायचं. आणि या बहाद्दराने कॉलेजचे कपडे धुणाऱ्या थॉमसिनशी गुपचूप लग्न लावलं होतं. निवड झाली की सगळ्यांना सांगू, असं तो तिला सांगत आला. तिचे दिवस भरत आले तरी त्याचं तेच पालुपद. विद्वानांना सबबी कधी कमी पडत नाहीत.

निवडीच्या दिवशी दुपारी, मतं द्यायच्या आधी, सगळे फेलो जेवायला बसले. भोजनगृहात लॅटिनखेरीज बोलायचं नाही, असा तिथला शिरस्ता. दारवान गिल्बर्ट पूक मात्र बार्नबीच्या कानाशी वाकून साध्या इंग्रजीतच कुजबुजला.

"साहेब, ती गिरणीपाशी राहते ना, थॉमसिन... बाळंतपणात गेली हो. पोर जगलीय. मरताना तुमचं नाव घेत होती म्हणे. पाद्रीबुवा विचारतायत, पोरीला बापाचं नाव काय लावायचं?"

टेबलाच्या टोकाशी बसलेल्या कॉलेजप्रमुख डॉक्टर हॅलोजनी लॅटिनमध्ये चौकशी केली, "कोणाचे निधन झाले, महोदय?"

"माझ्या धोबिणीचे," बार्नबी लॅटिनमध्येच म्हणाला.

तसं खोटंही नव्हतं ते. हॅलोजनी मान डोलावली. शेजाऱ्याने मीठ पुढे सरकवलं, बार्नबीने ते माशावर घातलं. आणि आपण मीठ घालतोय हे दिसताच तो चपापला. आत्ता बोलला तो कोण? थॉमसिन मेली, आणि हा जेवतोय! स्वतःची इतकी शिसारी त्याला जन्मात आली नव्हती.

तो ताडकन उठला.

"बायको होती माझी!" तो इंग्रजीत ओरडला. "लग्नाची बायको! ऐकलंत का सगळ्यांनी?"

हॅलोजनी टेबलावर सुरी आपटली.

"महोदय! लॅटिनमध्ये बोलावे!"

बार्नबीने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"पूक," तो म्हणाला, "पोरीला वेक्सकम लाव. चल, मीच येतो."

अंगावरचा फेलोचा झगा त्याने बाकावर टाकला. तो दारापर्यंतही पोचला नव्हता, तोच मागे कुणीतरी दुसऱ्या उमेदवाराचं नाव सुचवलं.